बिनतोंड्या आणि फॅमिली पिक्चर

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मशीनखाली चिंध्या साठतात ना, तसे किस्से साठतात बघा. रोज झाडून काढायचं, संध्याकाळी परत ढीग! फेकवत पण नाहीत. कधीतरी उशीत भरायला होतील म्हणून गाठोडं बांधून ठेवायचं. माझ्या गाठोड्यातले सगळ्यात जास्त किस्से आमच्या पिक्चरचे. हसण्यासारखे आहेत, पण सांगताना अजून हातावर काटा येतो.

व्हय, आम्ही पिक्चर काढला होता! नव्वद सालानंतरची गोष्ट. मलकापुरात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान, शेजारी बापूचा फोटो स्टुडिओ. बापू लग्नाचं शूटिंग करायचा. त्या वर्षांत झगावाले, उडणारे हिरो इंग्लिशमधनं हिंदी बोलायला लागले होते आणि गल्लीतली पोरं टॉवेल गळ्याला बांधून कट्ट्यावरनं उड्या टाकत होती.

बापू एकदा सगळं घरदार घेऊन सांगलीला असला पिक्चर बघायला गेला. पडद्यावर नुसता अंधार, पाऊस आणि विद्रूप तोंडाचा व्हिलन. इंटरव्हललाच निम्मं थेटर रिकामं! बापूची बायको धाकट्याला पदराखाली घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरांचा पिक्चर म्हणून आणलंसा आणि मसणवाट दाखवलीसा!"

गंमत म्हणजे थोरला पोरगा बाहेर यायला तयार नव्हता. थरथर कापत होता, पण खुर्ची सोडत नव्हता.

बापू परत आला तो ठरवूनच. "शालनताई, आपण काढू. आपला हिरो, आपली भाषा. आजीपासनं नातवापतोर सगळ्यांनी बसून बघायचा!"

ह्या बापूचा एक मित्र शाळेत मास्तर होता. त्याला सगळे सरच म्हणायचे. गोष्ट लिहायचं काम सरांकडं. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बापू, भ्या नसंल तर हिरो कशाला पायजे? सत्यनारायण घाल की मग!"

इथनं जे भांडण लागलं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

*

हिरोचं नाव ठेवलं उल्कावीर. आणि व्हिलनचं नाव सरांनी ठेवलं बिनतोंड्या.

"म्हंजे?" मी विचारलं.

"म्हंजे त्याला तोंडच न्हाई. डोळं न्हाईत, नाक न्हाई, कायच न्हाई. तुमी शिवायचं."

मी राखाडी रंगाचं पातळ ताणाचं कापड आणलं. आतल्या माणसाला अंधूक दिसायचं, बाहेरनं मात्र नुसतं गुळगुळीत डोकं. दोन दिवस बसून मुखवटा बेतला, शिवला, आणि लाकडी ठोकळ्यावर चढवून मशीनशेजारी ठेवला. मला तर झकास वाटला. शिवण कुठं दिसत नव्हती.

दुपारी आमच्या सासूबाई चहा घेऊन आल्या. कपबशी खाली पडल्याचा आवाज आला, पण त्यांचा काही आला नाही. त्या नुसत्या उभ्या. तोंड उघडं, आवाज बंद! पाणी पाजलं, वारा घातला, तेव्हा कुठं बोलल्या, "शालन, ते माझ्याकडं बघतंय."

"आवं आत्याबाई, त्याला डोळं कुठं हायती?"

"म्हणून तर!"

दुसऱ्या दिवशी माझ्या मशीनला लिंबू-मिरची लटकलेलं. ते लिंबू वाळून खडा झालं तरी त्यांनी काढू दिलं नाही.

*

आता हा मुखवटा घालायचा कुणी? आमचा हिरो विलास, तालमीतला पैलवान. तो म्हणाला, "आणा हिकडं, मी बघतो कसा दिसतोय." डोक्यावरनं ओढला. मग दोन्ही हातांनी ओरबाडून काढला, घामानं निथळत होता.

"काय झालं रं?"

"ताई," विलास हळूच म्हणाला, "आत आदीच कुणीतरी हाय!"

श्वास स्वतःचाच होता हो त्याचा! पण नंतर जो घालायला यायचा तो विलासच्या तोंडाकडं बघायचा आणि मागं सरायचा. मोठमोठे मिशीवाले आले, परत गेले.

शेवटी घातला कुणी? अण्णांनी! अण्णा म्हणजे पलूसचे किराणा दुकानदार, जैन. बापूनं त्यांच्या पुतणीच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं, ती ओळख. इतका मऊ माणूस मी दुसरा पाहिला नाही. अंगावर मुंगी चढली तर तिला बोटावर घेऊन भिंतीवर सोडायचे. गिऱ्हाइकाशीसुद्धा असं बोलायचे, जणू दुकानात कुणी झोपलंय. खरं तर ते शूटिंगच्या पोरांसाठी लाडू घेऊन आले होते.

अण्णांनी मुखवटा घातला, आरशासमोर शांत उभे राहिले. आतनं आवाज आला, "कानापाशी जरा सैल करा ताई. बाकी बरा हाय."

सर बापूच्या कानात म्हणाले, "ह्यो आवाज बदलायचा न्हाई. ह्यो असाच पायजे."

आणि खरंच, त्या बिनतोंडाच्या डोक्यातनं तो मऊ आवाज आला की पाठीत गार वारं शिरायचं. ओरडणाऱ्या व्हिलनला पोरं हसतात. हा कधी ओरडलाच नाही.

*

विलासचा अजून एक घोळ. पाच-सहा कुस्त्या एका दिवसात मारणारा गडी, पण उंचीला भ्यायचा! हे त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

सीन असा होता, की उल्कावीर विहिरीत पडलेल्या लेकराला वाचवायला उडी टाकतो. लेकरू म्हणजे माझ्या हातची चिंध्यांची बाहुली. शेतातली मोठी विहीर, पाणी भरपूर, विलास पट्टीचा पोहणारा. कॅमेरा लावला. लाल झगा, छातीवर पिवळी उल्का, विलास रुबाबात काठावर आला, खाली बघितलं आणि थेट बसकण मारली. दोन्ही हातांनी काठाचा दगड धरलेला.

"उडी टाक की रं!"

"टाकतो. जरा थांबा."

असं करत ऊन कलायला लागलं. बापू रडकुंडीला. सर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, त्याला उठवून मागं आणा." पण विलास मागंही येईना! हात दगडाला चिकटलेले.

अण्णा पुढच्या सीनसाठी तयार होऊन आंब्याखाली बसले होते. त्यांना दया आली. ते मागनं हळूच गेले, विलासच्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "ये बाळा."

मुखवटा काढायचं विसरले होते!

विलासनं मान वळवली. काय किंकाळी फोडली म्हणता! आणि झग्यासकट थेट विहिरीत!

बापूचा कॅमेरा चालूच होता. असला शॉट पैसे देऊन मिळत नाही. पण विलास वर येईना. पाणी हललं, गोल गोल झालं, शांत झालं. अण्णांनी मुखवटा फेकला आणि धोतर खोचून पायऱ्यांकडं पळाले. सर नुसतं "विलास, विलास" करत होते.

तेवढ्यात समोरच्या बाजूला, पाण्यावर लोंबणाऱ्या वेलींच्या आतनं बारीक आवाज आला, "गेला का त्यो?"

*

पिक्चर पुरा झाला. पहिला शो माझ्या दुकानासमोर, गल्लीतल्या पोरांना, बापूच्या टीव्हीवर. एकही पोरगं हललं नाही, बोललं नाही. संपल्यावर पोरं चटया उचलून गुपचूप घरी गेली. सर खूश! "बघ, जिंकला का न्हाई?"

सकाळी दुकान उघडायच्या आधी बायका दारात.

"आमचा बंडू परसात एकटा जात न्हाई. त्याच्याबरूबर मी जायचं का जलमभर?"

"आमचीनं अंथरूण भिजवलं."

"माझी आरशाला पाठ करून वेणी घालून घेती!"

त्यात एक बाई मात्र म्हणाली, "माझा पयल्यांदाच अभ्यासाला बसला हो! भाग दुसरा कवा काढताय?"

बापू घाबरला. गणपतीत मंडळांना कॅसेट दाखवायची होती, बायकाच तोंड फिरवायला लागल्या तर कोण बोलावणार? मग सुरू झाली कापाकापी. मध्ये एक गाणं घाला, एक विसरभोळा हवालदार घाला. सर प्रत्येक कापणीला उसासा टाकायचे. शेवटी म्हणाले, "सगळं भ्या काढलंस तर पिक्चर ऱ्हाणार न्हाई बापू, वाढदिवसाची कॅसेट ऱ्हाईल!"

बापूनं आयडिया काढली. "ताई, त्याला एक तोंड शिवा. हसरं. पोरांना बरं वाटंल."

मी लाल दोऱ्यानं टाके घातले. छान, दोन्ही कानांपर्यंत हसू. नवीन शूटिंग करायच्या आधी परीक्षा म्हणून सासूबाईंना दाखवलं. त्या दारातनंच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याच्यापरीस पयला बरा हुता गं. त्यो निदान हसत तर नव्हता!"

मी तिथंच बसून सगळे टाके उसवले.

*

गणपतीत शो लागले. बापूनं मोठ्या पडद्याचं मशीन भाड्यानं आणलं, ट्रॅक्स गाडीत सगळं भरलं आणि आम्ही गावोगाव. मी कशाला? तर पिक्चर संपल्यावर विलास आणि अण्णा ड्रेस घालून स्टेजवर यायचे आणि कुठंतरी शिवण उसवलेलीच असायची.

कराडच्या वरच्या अंगाला एका गावात शो होता. पिक्चरमध्ये बिनतोंड्या डोंगरावर उभा राहून हात वर करतो आणि म्हणतो, "आता धरणी हलेल." त्यानं म्हटलं. आणि हलली!

कोयनेचे धक्के आम्हाला काय नवे नाहीत. भांडी वाजली की अंगणात यायचं, थांबली की आत जायचं. पण त्या दिवशी पडदा हलला, मांडवाचे बांबू करकरले आणि पडद्यावर तो बिनतोंडाचा हात वर करून उभा! सगळं गाव उठून पळालं. म्हाताऱ्या पळाल्या, मंडळाचा अध्यक्ष पळाला, आमचा उल्कावीर झगा वर धरून सगळ्यांच्या पुढं पळाला! मी पडद्याच्या मशीनच्या टेबलाखाली शिरून डोळे मिटले. नशीब, पडझड काही झाली नाही.

धक्का थांबल्यावर गावातली चार जाणती माणसं अण्णांपुढं येऊन उभी राहिली, हात जोडून. "आवं, येवढं वाक्य तेवढं परत बोलू नगा."

अण्णा बिचारे समजावून सांगत होते, "आवं, मी कुठं काय केलं?" पण ऐकतंय कोण!

ही बातमी आमच्या पुढं धावली. कवठे महांकाळ भागातल्या गावात पोचलो, तर मांडवात पिक्चरचं कुणी बोलेचना. तिकडं त्या साली पाऊस नव्हता. एक फेटेवाला म्हातारा अण्णांपाशी आला, निरखून बघितलं, म्हणाला, "धरणी हलवता म्हणं तुमी?"

"न्हाई ओ बाबा, ते आपलं—"

"असू द्या, असू द्या. हात वर केलाच हाय तर जरा पावसाचं बी बघा की!"

*

पोरांची भीती घालवायला शेवटी सर आणि बापू यांच्यात एक समझोता झाला. पिक्चर आणखी कापायचा नाही. पण संपल्यावर अण्णांनी स्टेजवर येऊन सगळ्यांदेखत मुखवटा काढायचा, "भ्याचं न्हाई, मीच हाय," म्हणायचं आणि चिक्की वाटायची. म्हणजे सरांचं भ्या पण राहील आणि बापूची फॅमिली पण हसत घरी जाईल.

सगळीकडं जमलं. फक्त अण्णांच्या पलूसमध्ये उलटं झालं! तिथली पोरं अण्णांना रोज बघणारी, गोळ्या-बिस्किटं त्यांच्याकडनंच घेणारी. अण्णांनी मुखवटा काढला, हसले, "भ्याचं न्हाई, मीच हाय."

मग पुढच्या रांगेतनं एक चिमुरडं बोंबललं, "आयो! त्यानं अण्णाचं तोंड चोरलं!"

झालं! चिक्कीचं ताट तसंच. पुढं कितीतरी दिवस पोरं दुकानाच्या पायरीवर पैसे ठेवायची, लांबनं "गोळ्या!" ओरडायची आणि अण्णा मागं सरले की उचलून पळायची. अण्णा मला म्हणाले, "ताई, धंदा झाला, पर लेकरं गेली." हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते.

*

आता शेवटचा सांगते. गावाचं नाव सांगत नाही. तासगावच्या पुढं समजा.

शाळेच्या पटांगणात दिवेलागणीला शो होता. छान झाला. अण्णांनी मुखवटा काढला, चिक्की वाटली, पोरं विलासभोवती गोळा झाली. कुणी झगा ओढतंय, कुणी दंड दाबून बघतंय. मी सामान आवरत होते. एक मुलगी विलासकडं गेली नाही. आठेक वर्षांची असेल, फ्रॉकची बटणं चुकीची लावलेली. सरळ अण्णांसमोर येऊन उभी राहिली.

"तुमी आमच्या घरी येता?"

"का गं बाळा?"

"ते तोंडावर घालून या. माझा बा तुमाला भिईल."

अण्णा खाली बसले, तिच्या उंचीला. "बा भ्याला पायजे का?"

मुलीनं मान डोलावली.

"आई कुठं हाय तुजी?"

"घरात. बानं भाईरनं कडी लावलीया. सकाळधरनं."

सर पुढं झाले. हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, परगाव हाय. दुसऱ्याच्या घरातली भानगड. सरपंचाला सांगू, ते बघतील." बापू म्हणाला, "सामान फोडतील गड्या आपलं." खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, चला इथनं. विलास तेवढा म्हणाला, "मी येतो."

"गर्दी नगं," अण्णा म्हणाले. "ताई, तुमी चला. आत बाईमाणूस हाय."

त्यांनी मुखवटा घातला आणि मुलीचं बोट धरलं. आम्ही तिघं निघालो. गल्लीत आरतीच्या झांजा ऐकू येत होत्या. लोक अण्णांकडं बघून हसत होते, पोरं भिंतीला चिकटत होती. मी मागं मागं राहत होते. मुलगी मात्र भराभरा चालत होती.

घर टोकाला होतं. दारावर बल्ब. दाराला बाहेरनं कडी आणि पायरीवर तो बसलेला. चांगला धिप्पाड, पांढरे स्वच्छ कपडे, कपाळाला गंध. आम्हाला बघून हसला. कौतुकानं हसला हो!

"आवं, पिक्चरवालं न्हवं तुमी? लय भारी सोंग हाय! या की, बसा." मग मुलीकडं बघून, तसंच हसत, "तू कुठं गेलतीस गं?"

मुलीनं अण्णांचं बोट सोडलं आणि माझ्या मागं आली. माझं लुगडं तिनं मुठीत इतकं घट्ट धरलं होतं, की ओढ बसून निऱ्या सुटतील असं वाटलं.

अण्णा थांबले. त्यांनी मुखवटा काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. मग त्या माणसाकडं बघितलं.

मी शेजारीच होते. बल्बचा उजेड सगळा तोंडावर. डोळे तेच, मिशी तीच. राग नव्हता. दात खाल्ले नाहीत, भुवई हलली नाही. पण मुंगीला बोटावर घेणारा तो माणूस तिथं नव्हता. कुठं गेला होता मला माहीत नाही. मी त्यांच्यापासनं पाऊलभर लांब सरकले, माझं मला कळायच्या आत.

"कडी काढा," अण्णा म्हणाले. तोच मऊ आवाज.

त्या माणसाचं हसू तोंडावरच राहिलं. तो उठला, मागं सरला, पाठ दाराला लागली. आणि अण्णांवरची नजर न काढता, चाचपडत, त्यानं स्वतःच्या हातानं कडी काढली.

बाई आत दाराला टेकूनच बसली होती. अर्ध्या तोंडावर पदर. मी हात दिला तर उठवेना, मग काखेत धरून उठवली. मुलीनं कोपऱ्यातलं दप्तर घेतलं. तो तसाच भिंतीला लागून उभा, आणि अण्णा तसेच त्याच्यासमोर, आम्ही गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत.

बाईचा भाऊ तासगावात होता. त्याच्या दारात ट्रॅक्स थांबवून दोघींना उतरवलं. भावानं बहिणीचं तोंड बघितलं आणि तो लहान पोरासारखा रडला. त्या परत त्या घरी गेल्या नाहीत, एवढं मला नंतर कळलं.

येताना ट्रॅक्समध्ये मी बापूला, सरांना सगळं सांगितलं. अण्णा खिडकीपाशी, गुडघ्यावर हात ठेवून, आपले नेहमीसारखे.

बापूला राहवलं नाही. गाडी चालवता चालवता म्हणाला, "अण्णा, मुखवट्याचा येवढा खटाटोप केला आमी. हे असलं तोंड तुमच्यापाशी हुतं, तर शूटिंगला का न्हाई दिलंसा?"

अण्णांनी खिडकी लावून घेतली.

मग म्हणाले, "ते न्हाई दावायचं बापू. माझं मलाच भ्या वाटतं त्याचं."